दप्तर मक्त्याने देता येते काय?



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाटक आणि इतिहास यांवर बोलले जाते, तेथे सरकारी खात्यांतील संगणक आणि त्यांचे मक्ते हा विषय कशाला, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. त्यातही आमची बहुतेक उदाहरणे ब्रिटनची असणार. परंतु हा विषय वाटतो तितका परका नाही. जमिनीचा उतारा, पेन्शन, पासपोर्ट, प्राप्तिकर, दवाखान्यातील रोग्याची नोंद या सर्वांना मिळून आपले वाडवडील 'दप्तर' म्हणत. हे दप्तर आता रुमालात बांधलेले नसते, ते संगणकात असते. म्हणून संगणक कोणाच्या हाती, हा प्रश्न आणि राज्याचे दप्तर कोणाच्या हाती, हा प्रश्न एकच आहे. ब्रिटनचे उदाहरण आम्ही एवढ्यासाठी घेतले की, त्या देशाने हे दप्तर फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर मक्त्याने दिले, आणि त्याचा जमाखर्च तेथील लेखापरीक्षकांनी व पार्लमेंटच्या समित्यांनी उघड्यावर मांडून ठेवला आहे. दुसऱ्याच्या ठेचेने आपण शहाणे व्हावे, इतकाच आमचा हेतू.

मक्त्याची कल्पना आपल्याला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती इजाऱ्याने दिल्या जात. जो अधिक रकमेची बोली करी त्याला मामलत मिळे. तो आपली रक्कम व नफा रयतेकडून वसूल करी आणि पुष्कळदा तीच मामलत पोटइजाऱ्याने दुसऱ्याच्या गळ्यात बांधी. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे दोष नोंदवले आहेत, आणि पेशवाईनंतर ती बंद करण्यात आली. इजारदार रयतेला नाडीत होता ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. परंतु राज्यकारभाराच्या दृष्टीने त्याहून खोल असा एक दोष त्यात होता. गाव किती पिकते, कोणाला सूट द्यावी, कोणाची बाकी खरी आणि कोणाची खोटी, हे जाणणारी माणसे सरकारच्या पदरी राहिली नाहीत. जे ज्ञान मामलतदाराच्या कचेरीत असावयाचे ते इजारदाराच्या वाड्यात गेले. मग पुढच्या वर्षीची बोली योग्य की अयोग्य, हे सरकारने ठरवावे कशाच्या आधारावर?

आजच्या व्याख्यानात आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच. काम बाहेर देता येते, परंतु काम जाणण्याची जबाबदारी बाहेर देता येत नाही. काटकसरीच्या नावाखाली सरकार जेव्हा जाणती माणसेच कमी करते, तेव्हा खर्च कमी होत नाही; तो पगाराच्या सदरातून उठून मक्त्याच्या सदरात जाऊन बसतो, आणि तेथे तो वाढतो.

आता ब्रिटनकडे वळू. त्या देशाचे सरकार या यंत्रविद्येत मुळात मागासलेले नव्हते, उलट आघाडीवर होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी 'कोलोसस' नावाचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधले गेले, आणि १९४४ च्या आरंभी ते ब्लेच्ली पार्क येथे कामास लागले. जगातील अगदी पहिल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांत त्याची गणना होते. ते कोणी बांधले? पोस्टखात्याने! टॉमी फ्लॉवर्स हे त्या खात्याच्या संशोधन केंद्रातील एंजिनियर होते आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्र उभे केले. पुढे १९५१ मध्ये लायन्स या चहाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने धंद्याच्या हिशेबासाठी 'लिओ' हे यंत्र तयार केले. १९६० नंतरच्या दशकात त्याच घराण्यातील मोठी यंत्रे पोस्टखात्याने विकत घेतली आणि टेलिफोनच्या बिलांसाठी आपल्याच नोकरांकरवी चालवली. पोस्टखात्याचे हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच खात्याची एक दुःखद कथा आम्हांला सांगावयाची आहे.

१९७९ मध्ये श्रीमती थॅचर यांचे सरकार आले आणि वारे पालटले. सरकारने शक्य तितके कमी करावे आणि बाजाराने शक्य तितके अधिक करावे, हे सूत्र झाले. १९९२ मध्ये त्यात खाजगी भांडवलाच्या योजनेची भर पडली. ती योजना सोप्या शब्दांत अशी की, सरकारने आज पैसा घालावयाचा नाही. कंपनीने आपल्या भांडवलाने काम उभारावयाचे आणि सरकारने ते पुढे वर्षानुवर्षे हप्त्याने फेडावयाचे. चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात खर्च दिसत नाही, म्हणून अर्थमंत्री खूष. आणि पंचवीस वर्षांची मिळकत बांधली गेली, म्हणून कंपनी खूष. घरात रोख नाही म्हणून हप्त्याने वस्तू घेणाऱ्या गृहस्थाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. महिन्याचा हप्ता लहान वाटतो, पण शेवटी बेरीज केली म्हणजे डोळे उघडतात.

बाहेर काम देणारांची बाजूही आपण न्यायाने ऐकली पाहिजे. सरकारी वेतनश्रेणीत कुशल माणूस टिकत नव्हता. यंत्रे दर दोन-चार वर्षांनी जुनी होत होती. खात्यांत सुस्ती होती, हेही खोटे नाही. कंपनीकडे दहा देशांचा अनुभव असतो, एका खात्याकडे तो कोठून येणार? ही कारणे खरी होती. प्रश्न कारणांचा नव्हता, उपायाच्या मर्यादेचा होता.

१९९४ मध्ये प्राप्तिकर खात्याने आपले सारे संगणकाचे काम दहा वर्षांच्या करारावर ई.डी.एस. या अमेरिकन कंपनीस दिले. त्याबरोबर खात्यातील सुमारे २ हजार माणसेही कंपनीकडे गेली. म्हणजे यंत्र गेले तसे यंत्र जाणणारेही गेले. कराच्या नियमांचे आणि यंत्राचे नाते ज्यांच्या डोक्यात होते ती माणसे आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली. २००३ च्या एप्रिलमध्ये गरीब व नोकरदार कुटुंबांना करसवलतीचे पैसे देण्याची नवी योजना सुरू झाली, आणि संगणक कोलमडला. ज्यांचे घर त्या पैशांवर चालावयाचे त्या कुटुंबांना आठवडेच्या आठवडे पैसे मिळाले नाहीत, आणि कित्येकांना अधिक दिलेले पैसे पुढे परत मागण्यात आले. २००५ मध्ये कंपनीने भरपाई म्हणून ७ कोटी १२ लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले. पण त्यात एक गंमत होती. त्यांपैकी २ कोटी ६५ लाख पौंड हे कंपनीला पुढे नवी सरकारी कामे मिळतील त्या मानाने द्यावयाचे होते! ज्याने भिंत वाकडी बांधली त्याने दंड भरावयाचा, पण दुसरे घर बांधावयास मिळाले तर. या अटीवर लोकलेखा समितीने कडक ताशेरे ओढले.

दहा वर्षे संपल्यावर, २००४ मध्ये, हेच काम कॅपजेमिनी आणि फुजित्सू या कंपन्यांच्या जोडीकडे गेले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा दिसले की, दहा वर्षांत खात्याने त्यावर ७९० कोटी पौंड खर्च केले होते आणि त्यात दोन कंपन्यांचा नफा १२० कोटी पौंड होता. खात्याने मनाशी धरलेल्या नफ्याहून तो ५० कोटींनी जास्त होता. लेखापरीक्षकांनी यंत्रणा चालत नाही असे म्हटले नाही. ती चालत होती, कर गोळा होत होता. त्यांचे म्हणणे असे की, हे काम एवढ्याच किमतीचे आहे की नाही हे पडताळून पाहण्याचे सामर्थ्य आणि दुसरा कोणी स्पर्धक, ही दोन्ही खात्यापाशी राहिली नव्हती.

येथे मक्त्याचे मर्म सापडते. कंपनी पहिली बोली कमी लावते. करार होतो. पण सरकारचे काम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. दर वर्षी अंदाजपत्रक बदलते, कायदा बदलतो, सवलती बदलतात. प्रत्येक बदलासाठी यंत्रणेत फेरफार करावा लागतो, आणि प्रत्येक फेरफाराची किंमत कंपनी सांगेल ती. दुसऱ्या कंपनीस बोलवावे तर तिला आतली रचना ठाऊक नाही. आपल्या माणसास विचारावे तर आपला माणूस उरलेला नाही. विहीर आपल्या वाड्यातली, पण रहाटाची दोरी शेजाऱ्याच्या घरी, अशी ही अवस्था आहे. मग प्रत्येक घागरीला शेजारी मागेल ते द्यावे लागते, आणि शेजारी वाईट आहे असेही नाही; त्याचा तो धंदाच आहे.

१९९९ च्या उन्हाळ्यात पासपोर्टखात्याचीही अशीच गत झाली. नवी संगणक-यंत्रणा सीमेन्स या कंपनीकडून घेण्यात आली आणि लिव्हरपूल व न्यूपोर्ट येथील कचेऱ्यांत ती पुरती बसण्यापूर्वीच काम तिच्यावर टाकले गेले. त्याच सुमारास मुलांनाही स्वतंत्र पासपोर्ट हवा असा नियम आला. जून महिन्यात तुंबलेल्या अर्जांची संख्या साडेपाच लाखांवर गेली. कचेऱ्यांबाहेर पावसात रांगा लागल्या, आणि त्या रांगांतील लोकांसाठी खात्याने १६ हजार पौंडांच्या छत्र्या विकत घेतल्या! आपल्याला हसू येते. पण मक्त्याच्या कागदावर जी काटकसर लिहिली होती तिच्यात या छत्र्या, जादा कामाचे पगार आणि बुडालेले प्रवास यांचा आकडा नव्हता. जनतेचा खोळंबा हे खर्चाचे सदर कोणत्याच करारात नसते.

यापुढचे उदाहरण रुग्णसेवेचे आहे. २००२ मध्ये इंग्लंडच्या सरकारने ठरवले की, देशातील प्रत्येक रोग्याची नोंद एका यंत्रणेत आणावयाची. हेतू उत्तम होता. इंग्लंडचे पाच विभाग केले, आणि ते चार मोठ्या कंपन्यांना वाटून दिले. पहिले करार ६२० कोटी पौंडांचे होते. पुढे एकूण खर्चाचा अंदाज १,२७० कोटींवर गेला. करार इतके घाईने झाले की, ज्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी ही यंत्रणा वापरावयाची त्यांना नेमके काय हवे, हे नीट विचारले गेले नाही. २००६ मध्ये ॲक्सेंचर कंपनी दोन विभाग सोडून गेली. २००८ मध्ये फुजित्सूचा करार संपुष्टात आला आणि भांडण लवादाकडे गेले. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने ही योजना मोडीत काढत असल्याचे जाहीर केले. लोकलेखा समितीपुढे २०१३ मध्ये जो आकडा आला तो ९८० कोटी पौंडांचा होता. सर्वच पैसा पाण्यात गेला असे आम्ही म्हणणार नाही. क्ष-किरणांची चित्रे संगणकावर पाहण्याची सोय, दवाखान्यांना जोडणारे जाळे, या गोष्टी झाल्या व त्या उपयोगी पडल्या. परंतु ज्यासाठी खटाटोप होता ती रोग्याची एकसंध नोंद देशभर मिळाली नाही.

यानंतर काटकसरीचे खरे पर्व येते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनच्या तिजोरीत मोठी तूट पडली होती. मे २०१० मध्ये नवे संयुक्त सरकार आले आणि त्याने त्याच वर्षाच्या खर्चातून ६२० कोटी पौंडांची कपात जाहीर केली. योगायोग पाहा, रुग्णसेवेच्या त्या योजनेचे पहिले करार बरोबर तेवढ्याच रकमेचे होते. या कपातीत संगणकावरच्या खर्चातून साडेनऊ कोटी पौंड कमी करावयाचे होते. १० लाख पौंडांवरचे संगणकाचे कोणतेही काम मध्यवर्ती परवानगीशिवाय घ्यावयाचे नाही, असा दंडक झाला. नोकरभरती गोठवली. सरकारी नोकरांची संख्या पावणेपाच लाखांहून अधिक होती, ती २०१६ पर्यंत सुमारे ३ लाख ८४ हजारांवर आली.

या काटकसरीला आम्ही सरसकट दोष देणार नाही, कारण तिच्या पोटी एक चांगली गोष्टही जन्मास आली. मोठ्या मक्त्यांचा हिशेब प्रथमच कोणीतरी वरच्या जागेवरून मागू लागला. २०११ मध्ये सरकारने आपल्याच पदरी जाणत्या माणसांचा एक लहान गट उभा केला. त्या गटाने ऑक्टोबर २०१२ मध्ये साऱ्या खात्यांसाठी एकच सरकारी संकेतस्थळ सुरू केले. २०१४ च्या जानेवारीत नियम झाला की, १० कोटी पौंडांवरचा संगणकाचा करार अपवादाखेरीज करावयाचा नाही आणि जुने करार आपोआप वाढवावयाचे नाहीत. त्याच वर्षी रुग्णसेवेचा जो मध्यवर्ती कणा एका मोठ्या कंपनीकडे होता, तो लीड्स येथील सरकारी माणसांनी लहान कंपनीचे साहाय्य घेऊन नव्याने बांधला, आणि ऑगस्टमध्ये तो एका आठवडाअखेरच्या सुटीत जुन्याच्या जागी बसवला. २०१५ मध्ये वाहनपरवान्याच्या खात्याने आपले काम परत घेतले, आणि करखात्यानेही आपल्या मालकीची कंपनी काढून माणसे परत आणण्यास सुरुवात केली. म्हणजे वीस-एकवीस वर्षांपूर्वी ज्यांना निरोप दिला त्यांची गरज पुन्हा भासली.

पण जेथे जाणती माणसे उभी केली नाहीत, तेथे त्याच काटकसरीच्या काळात उलटेही घडले. गरिबांसाठीच्या सहा निरनिराळ्या साहाय्यांची एक योजना करावयाची होती. तिचे काम मोठ्या कंपन्यांना दिले गेले; आणि २०१३ मध्ये लेखापरीक्षकांना आढळले की, त्यातील ३ कोटी ४० लाख पौंडांचे संगणकाचे काम निरुपयोगी म्हणून मोडीत काढावे लागले. तात्पर्य, काटकसर तीच, देश तोच, वर्षे तीच. फरक इतकाच की एका ठिकाणी पैसा वाचवताना शहाणपण घरात आणले, दुसऱ्या ठिकाणी ते बाहेर ठेवले.

येथवर आम्ही पैशांचे बोललो. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. आता पोस्टखात्याकडे येऊ.

१९९६ मध्ये खाजगी भांडवलाच्या त्याच योजनेखाली एक करार झाला. पोस्टातून मिळणारी सरकारी साहाय्ये कार्डाने द्यावी आणि त्यासाठी प्रत्येक पोस्टात संगणक बसवावा, असे ठरले. १९९९ मध्ये कार्डाची कल्पना सोडून देण्यात आली. उरले ते पोस्टाचे हिशेब ठेवणारे 'होरायझन' नावाचे यंत्र. ते बनवणारी आय.सी.एल. ही कंपनी त्या जुन्या 'लिओ'च्याच वंशातील होती, आणि ती आता फुजित्सूच्या मालकीची झाली होती. कोलोसस बांधणारे एंजिनियर मात्र पोस्टापाशी राहिले नव्हते. टेलिफोनची शाखा १९८१ मध्येच वेगळी झाली होती.

ब्रिटनमधील लहान पोस्टे पुष्कळदा दुकानदार चालवतात. आपल्याकडील गावच्या पोस्टमास्तरासारखी त्यांची प्रतिष्ठा असते. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही पुष्कळ. या लोकांच्या हिशेबात संगणक तूट दाखवू लागला. आज हजार, उद्या पाच हजार, कोठे पन्नास हजार पौंड. करारानुसार तूट पोस्टचालकाने भरावयाची. कित्येकांनी घर गहाण टाकून ती भरली. ज्यांना भरता आली नाही त्यांच्यावर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसे दोषी ठरवली गेली. भारतीय वंशाची एक पोस्टचालिका २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेली. दोष यंत्रात होता, आणि दुरून कंपनीची माणसे पोस्टाच्या हिशेबात फेरफार करू शकत होती. पोस्टाने मात्र वर्षानुवर्षे हे नाकारले.

आपण विचाराल, पोस्टाने आपले हिशेब उघडून का पाहिले नाहीत? याचे उत्तर मक्त्याच्या कागदात आहे. यंत्रातील मूळ नोंदी कंपनीपाशी होत्या. वर्षात ठराविक संख्येपर्यंत त्या मागता येत; त्यापुढच्या प्रत्येक मागणीचे पैसे पडत. म्हणून पुष्कळदा त्या मागवल्याच गेल्या नाहीत. सरकारी मालकीच्या पोस्टाला आपलीच कीर्दखतावणी पाहण्यासाठी मक्तेदाराला पैसे मोजावे लागावे, आणि ते पैसे वाचवावे म्हणून एखाद्या निरपराध माणसाने तुरुंगात जावे, याहून महाग काटकसर आम्हांला ठाऊक नाही. त्यात इंग्लंडच्या कायद्याने भर घातली होती. यंत्राचा पुरावा देणाऱ्याने यंत्र ठीक चालत होते हे दाखवावे, अशी जी अट होती ती १९९९ च्या कायद्याने रद्द झाली. आणि यंत्र खरेच बोलते असे गृहीत धरले जाऊ लागले.

शेवटी अ‍ॅलन बेट्स या पोस्टचालकाच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने यंत्र सदोष असल्याचा निकाल दिला. २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि मे २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून उरलेल्या बहुतेकांच्या रद्द केल्या. जुलै २०२५ मध्ये चौकशीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले आहे की, या प्रकरणामुळे निदान १३ जणांनी आत्महत्या केल्या असाव्यात. ज्या पोस्टखात्याच्या माणसांनी शत्रूचे गुप्त संदेश उलगडणारे यंत्र बांधले, त्याच पोस्टाला पन्नास-साठ वर्षांनी आपल्याच गल्ल्याचा हिशेब उलगडता आला नाही. जाणतेपण घरातून गेले म्हणजे काय होते, याचे आणखी कोणते उदाहरण द्यावे?

आता प्रश्न असा की, या साऱ्याशी आपला संबंध काय? संबंध दुहेरी आहे. एक तर, मक्त्याच्या दुसऱ्या टोकाला आपलीच मुले-मुली आहेत. ब्रिटनच्या सरकारने उभारलेल्या 'नेस्ट' या पेन्शन योजनेचे कामकाज मुंबईस मुख्य कार्यालय असलेल्या टी.सी.एस. कंपनीने प्रथम केले. मध्यंतरी ते दुसऱ्या कंपनीला दिले गेले, आणि २०२३ मध्ये पुन्हा टी.सी.एस.कडे आले. म्हणजे पेन्शनचे काम नीट चालते. त्याच कंपनीकडे नोकरीच्या उमेदवारांचे पूर्वचारित्र्य तपासणाऱ्या खात्याचेही काम होते. ते काही वर्षे लांबले, आणि त्याबद्दल २०१८ मध्ये लेखापरीक्षकांनी टीका केली, ती मुख्यतः ब्रिटिश गृहखात्याच्या नियोजनावर. तेव्हा कंपनी परकी म्हणून वाईट किंवा आपली म्हणून चांगली, असा हा प्रश्नच नाही. हिंजवडीत रात्र जागणारा आपला मुलगा प्रामाणिकपणे काम करतो. त्याला जे मागितले ते तो देतो. मागणाराला काय मागावे हेच कळत नसेल, तर त्यात त्याचा काय अपराध?

दुसरा संबंध आपल्या स्वतःच्या दप्तराचा. २००८ मध्ये भारत सरकारने पासपोर्टचे काम टी.सी.एस.ला दिले. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या सेवाकेंद्राच्या खिडक्या पाहिल्या असतील. पहिल्या खिडकीवर कागद, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेणारी माणसे कंपनीची. पुढच्या दोन खिडक्यांवर कागद तपासणारे आणि पासपोर्ट मंजूर करणारे अधिकारी सरकारचे. नोंदींची मालकी परराष्ट्र खात्याची, चारित्र्याची चौकशी पोलिसांची. पूर्वीच्या रांगा आणि दलालांचा सुळसुळाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना फरक सांगावयास नको. येथे मक्ता आहे, पण मक्त्याला कुंपण आहे. कोठे कंपनी थांबते आणि कोठे राज्य सुरू होते, हे खिडकीवर दिसते.

तेव्हा, 'मग सर्व काही सरकारनेच करावे काय?' या प्रश्नाला आमचे उत्तर नाही असे आहे. इमारत बांधणारा गवंडी बाहेरचाच असतो. परंतु घरधन्याला ओळंबा धरता आला पाहिजे, निदान ओळंबा धरणारा एक माणूस त्याच्या पदरी पाहिजे. नगरपालिकेने घरपट्टीचे संगणकीकरण बाहेर दिले, एखाद्या खात्याने पेन्शनचे काम बाहेर दिले, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. नोंदी कोणाच्या मालकीच्या, आणि त्या पाहण्यास पैसे पडतात काय? करार संपला तर काम दुसऱ्याच्या हाती सुखाने जाईल काय? यंत्र चुकले तर चूक सिद्ध करण्याचा भार कोणावर, नागरिकावर की खात्यावर? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: हे काम ज्याला आतून कळते असा एक तरी पगारी माणूस खात्यात उरला आहे काय?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे असेल, तर पहिल्या तिघांची उत्तरे कागदावर कितीही चांगली असोत, त्यांचा उपयोग नाही. आणि अंदाजपत्रकात काटकसर करताना कात्री प्रथम नेमकी याच माणसावर पडते. कारण त्याचा पगार दिसतो; त्याच्यामुळे न झालेले नुकसान दिसत नाही. धरणाच्या दारावर बसलेला चौकीदार वर्षातून अकरा महिने रिकामाच दिसतो. म्हणून त्याला काढणे सोपे असते.

सरकारने काटकसर करू नये असे आम्ही म्हणत नाही. तिजोरीतला पैसा आपल्या घामाचा आहे, आणि तो उधळणाऱ्यास जाब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. परंतु काटकसर आणि कृपणता यांत फरक आहे. काटकसरी गृहिणी तूप जपून वाढते. ती कोठीची किल्ली दुकानदाराच्या हाती देत नाही. राज्याच्या कोठीची किल्ली म्हणजे त्याचे दप्तर, आणि ते दप्तर वाचता येणारी माणसे. ती माणसे टिकवण्याचा आग्रह सरकारपाशी धरण्याचे काम तुम्हा-आम्हा सामान्य माणसांचे आहे, कारण यंत्र चुकते तेव्हा रांगेत उभे राहावे लागते ते आपल्यालाच.